जीपच्या ऑइल प्रेशरच्या काट्यामागे गेलेले दोन महिने

१० डिसेंबर २०२३, रविवार. दाजीपूरहून परत येत होतो. मी चालवत होते, शेजारी आण्णा म्हणजे माझे वडील, मागे पोरगा आणि त्याच्या पायाशी जेवणाचे रिकामे डबे. राधानगरी यायला थोडंच राहिलं होतं आणि आण्णा एकदम म्हणाले, "गाडी बाजूला घे. बंद कर आधी."

मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी घाबरून गाडी कडेला घेतली, बंद केली आणि त्यांच्याकडे बघितलं तर ते डॅशबोर्डकडे बोट दाखवत होते. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर.

आमची जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, १९९४ची, एमएच ०९ पासिंग, आण्णांनी नवी घेतलेली. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) म्हणून ४.९०, २११२ सीसीचं डिझेल, इगतपुरीला बनायचं ते. मी गाडी शिकले ती ह्याच जीपवर, आणि शिकवताना आण्णांनी आरशात बघायच्या आधी काट्याकडे बघायला शिकवलं होतं. स्पीडचा काटा नंतर, आधी ऑइलचा. आज तेवढं नेमकं माझ्याकडून राहिलं होतं आणि त्यांच्याकडून नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इंजिनात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि तो ज्यात फिरतो ती बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत, मधे तेलाचा पातळ थर असतो आणि त्या थरावर क्रँक फिरतो. ऑइल पंप ते तेल दाबाने पाठवतो. दाब गेला की थर गेला, मग धातूवर धातू घासायला फार वेळ लागत नाही, आणि इंजिन जाम झालं की मग बोलायलाच नको. म्हणून काटा पडला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ, घाट उतरून बघू असलं काही करायचं नाही. तिथल्या तिथे बंद.

बॉनेट उघडलं, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघितली, तेल वरच्या खुणेला होतं. खाली रस्त्यावर थेंब नाही, इंजिनवर कुठे ताजं ओघळलेलं नाही. आण्णा म्हणाले की बंद करायच्या आधी इंजिनचा आवाज बदललेला नव्हता, टॅपेट वाजत नव्हते, खालून ठकठक नव्हती. मी म्हटलं मग चालू करून बघूया का, हळूहळू जाऊ. ते नको म्हणाले. काटा खोटा असला तर टोचनचे पैसे जातील, काटा खरा असला तर इंजिन जाईल, असं त्यांचं सरळ गणित होतं, आणि त्या क्षणी मला ते पटलं नव्हतं तरी आज मी कुणालाही तेच सांगेन.

दीड तास वाट बघितल्यावर एक पिकअपवाला भेटला, कोल्हापूरपर्यंत टोचन करून न्यायचे २५०० ठरले. ५० एक किलोमीटर दोरीवर. कुणावर ही वेळ आली तर नजर पुढच्या गाडीच्या ब्रेकच्या लाल दिव्यांवरच ठेवा आणि दोरी सैल पडू देऊ नका. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि माझे दोन्ही हात थरथरत होते.

मंगळवारी, १२ तारखेला मेकॅनिक घरी आले. त्यांनी गाडी चालू केली, थंड इंजिनवर काटा व्यवस्थित ४ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब). पाचसहा मिनिटांत इंजिन तापत गेलं तसा काटा २, मग १, मग लटपटत शून्य. त्यांनी लगेच बंद केली आणि म्हणाले, "मॅडम, थंडीत प्रेशर हाय, गरम झाल्यावर न्हाई, म्हंजे बेअरिंग गेली. हाफ इंजिन करायला लागंल."

त्यांना मी दोष देत नाही, कारण लक्षण खरंच तसंच होतं. तेल गरम झालं की पातळ होतं, बेअरिंग झिजलेली असली तर त्या फटीतून निसटतं आणि दाब पडतो. तीस वर्षांच्या गाडीत पहिली शंका तीच येणार. पण मी विचारलं, "प्रेशर मोजलं का?" तर ते म्हणाले काट्यावर दिसतंय की. इथे मला काहीतरी खटकलं, नेमकं काय ते सांगता आलं नाही.

त्यांनी कागदावर खर्च लिहून दिला. बेअरिंग सेट, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप, गॅस्केट, मजुरी मिळून ६५,००० आणि उघडल्यावर अजून काही निघालं तर ते वेगळं. तीन आठवडे लागतील.

आता ह्यात अजून एक गोष्ट होती. जीपच्या आरसीची मुदत १४ फेब्रुवारी २०२४ला संपत होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, म्हणजे आमची २००९, २०१४, २०१९ अशी झालेली आणि आता चौथी वेळ. त्याची फी आधी ६०० रुपये होती ती १ एप्रिल २०२२पासून कारसाठी ५००० झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे ६५,००० आणि हे सगळं, एवढं करून गाडी अजून पाच वर्षं. पुण्यातून भावाचा फोन आला, म्हणाला विकून टाका, भंगारात जेवढे येतील तेवढे घ्या, आण्णांना आता जीपमध्ये चढता तरी येतं का. आण्णा पलीकडच्या खोलीत होते, फोन स्पीकरवर होता. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी बाहेर आले तर ते काठी टेकत जाऊन जीपवरचं कव्हर नीट करत होते, एका कोपऱ्याची दोरी सुटली होती ती परत बांधत होते.

मी ठरवलं, इंजिन उघडायच्या आधी जेवढं बघता येईल तेवढं बघायचं.

पहिलं काम तेल आणि फिल्टर. तसंही बदलायला आलंच होतं. १७ डिसेंबरला रविवारी गॅरेजच्या पोराला बोलावून १५डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर घातला, दोन्ही मिळून २१५०. एक दोघांनी जाड तेल घाला, काटा आपोआप वर येईल असं सांगितलं होतं. ते मी केलं नाही. जाड तेलाने काटा कदाचित वर आला असता पण नेमकं काय बिघडलंय ते झाकलं गेलं असतं.

जुना फिल्टर टाकून द्यायचा नाही. हे मला आण्णांनी सांगितलं. तो हॅक्सॉने गोल कापला, आतली घड्यांची कागदी पट्टी सोडवून वर्तमानपत्रावर पसरली आणि तेल निथळू दिलं. मग दुसऱ्या दिवशी उन्हात धरून एकेक घडी उघडून बघितली. बेअरिंग झिजली असेल तर तिथे चकाकी दिसते, चांदीच्या किंवा तांब्याच्या रंगाचे बारीक कण. आम्हाला काळा चिकट गाळ दिसला, चकाकी नाही. जुनं तेल जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळलं, त्यातही काही नाही. लोहचुंबक फिरवला, काही नाही. आण्णा चष्मा कपाळावर चढवून अर्धा तास त्या घड्या बघत होते. मग म्हणाले, "ह्यात बेअरिंग दिसत नाही मला." एवढंच.

पण काटा तसाच. नवीन तेलावर थंड असताना ४.

२३ डिसेंबर, शनिवार. शाळा सुटल्यावर मी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरबाहेरच्या लोकांना सांगते, शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, स्पेअर पार्ट, गॅरेज सगळं एका जागी, तिथे नुसतं चालत फिरलं तरी चार लोक चार गोष्टी शिकवतात. तिथले एक वायरमन चाचा आण्णांच्या ओळखीचे, चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, इंजिन खोलायचं नंतर बघू की. आधी मीटर, मग वायर, मग सेन्सर, मग इंजिन. ह्याच वळणानं जायचं." आणि त्याच दुपारी स्कूटरवरून घरी आले. त्यांनी एकंदर दोनतीन चकरा मारल्या आणि सगळ्याचे मिळून ५०० घेतले.

त्यांनी केलं ते कुणालाही करता येईल म्हणून सविस्तर लिहिते. आमचा मीटर मूळचा नाही, आण्णांनी २००८ला बदललेला, ० ते ५ किलोचा, आणि त्याचा सेन्सर इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला, त्याला एकच वायर. सेन्सरच्या आत पडदा असतो, तेलाचा दाब पडद्याला ढकलतो, पडदा एक छोटी पट्टी सरकवतो आणि ती सरकेल तसा विजेला होणारा अडथळा म्हणजे रेझिस्टन्स बदलतो. वायरीचा करंट सेन्सरमधून ब्लॉकला, म्हणजे अर्थला जातो. काटा दाखवतो तो खरं तर रेझिस्टन्स, दाब नाही. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि मग मला समजलं की त्या दिवशी "काट्यावर दिसतंय की" मध्ये मला काय खटकलं होतं.

चाचांनी इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू केली आणि सेन्सरवरची वायर काढली. काटा सरळ वर ५ला जाऊन टेकला. मग तेच वायरीचं टोक ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर टेकवलं, काटा शून्यावर. परत काढलं, वर. टेकवलं, खाली. मीटर ठीक आणि मीटरपासून सेन्सरपर्यंतची वायर ठीक. ही परीक्षा फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. फक्त एक लक्षात ठेवा, आमचा मीटर १० ते १८० ओहमवाला आहे म्हणून वायर काढल्यावर काटा वर गेला. अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३ ओहमवाले मीटर असतात त्यांचं बरोबर उलटं, वायर काढली की शून्य आणि अर्थ दिला की फुल. तेव्हा काटा कुठल्या बाजूला जातो ह्यापेक्षा तो दोन्ही टोकांना नीट जातो का हे बघायचं. आणि अर्थ द्यायचा तो क्षणभरच.

वायर काढली तेव्हा चाचांनी मला तिचं टोक दाखवलं. आतून ओलं होतं. बोट लावलं तर तेल. सेन्सरच्या वरच्या बाजूला, जिथे नुसता विजेचा पॉइंट असतो तिथे तेल यायचं काहीच कारण नाही, पडदा फाटल्याशिवाय किंवा चीर गेल्याशिवाय.

मग मल्टिमीटर. रेझिस्टन्स मोजताना वायर काढूनच ठेवायची, नाहीतर डॅशबोर्डवरच्या मीटरचा करंट मधे येतो आणि आकडे खोटे येतात. आधी सेन्सरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, ०.३ ओहम, म्हणजे अर्थ चांगला. इंजिन बंद असताना सेन्सर ११ ओहम, बरोबर, शून्य दाबाला १०च्या आसपासच पाहिजे. मग इंजिन चालू केलं, थंड. आण्णांची अट होती की एका वेळी एक मिनिटाच्या वर चालू ठेवायचं नाही. आकडा १५०च्या पुढे गेला, ५ किलोच्या सेन्सरला ४ किलोवर १५५च्या जवळपास येतात, म्हणजे तेही बरोबर. आणि मग चाचांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हळूच टकटक केलं. १५२, ९०, १४, १४८, २२. इंजिन तसंच एका सुरात चाललेलं आणि आकडा वेड्यासारखा नाचतोय.

मला तिथेच नाचावंसं वाटत होतं. आण्णा म्हणाले थांब. सेन्सर खराब आहे हे कळलं, पण प्रेशर चांगलं आहे हे अजून कुठे कळलंय? दोन्ही एकदम खराब असू शकतात. चाचांनी मान हलवली. पक्कं उत्तर एकच, सेन्सर काढून त्या भोकात साधा मेकॅनिकल गेज लावायचा, ज्यात वीजच नाही, तेल स्वतः नळीतून येऊन काटा ढकलतं.

गेज मिळणं सोपं होतं, हायड्रॉलिकच्या दुकानात ग्लिसरीन भरलेला ० ते १० किलोचा ९००ला मिळाला. ग्लिसरीनचा घ्या, डिझेलच्या थरथरीत साध्या गेजचा काटा वाचता येत नाही. अवघड होता तो आटा, म्हणजे सेन्सरवरचे स्क्रूसारखे फेरे. सेन्सर काढून लेथवाल्याकडे नेला, त्यांनी व्हर्निअरने बाहेरचा व्यास मोजला आणि पिच गेजची पातं एकेक लावून बघितली. ह्या आकारात तीन आटे एकमेकांचे जुळे भाऊ असल्यासारखे आहेत. एम १० बाय १ म्हणजे बरोबर १० मिलिमीटर. १/८ बीएसपी म्हणजे ९.७३ मिलिमीटर आणि इंचाला २८ आटे. आणि १/८ एनपीटी थोडा निमुळता, इंचाला २७ आटे. चुकीचा असला तरी पहिले दोन फेरे हाताने आत जातो, आणि मग पान्याने आवळला की ब्लॉकचे आटे खराब. ब्लॉक काही बाजारात मिळत नाही. आमचा १/८ बीएसपी निघाला. लेथवाल्यांनी पितळेचा अडॅप्टर करून दिला, ३५० रुपये, पण वर्षअखेरची कामं होती म्हणून हातात आला ४ जानेवारीला. तोपर्यंत भोक उघडं ठेवू नका, जुना सेन्सरच परत हाताने बसवून ठेवा, धूळ जात नाही.

६ जानेवारी २०२४, शनिवार. दुपारी दोन वाजता सगळे अंगणात. चाचांनी लांब नळी लावून गेज विंडस्क्रीनपर्यंत आणला आणि वायपरला बांधला म्हणजे सीटवर बसून दिसेल. जीपला आरपीएम मीटर (इंजिनचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा) नाही म्हणून त्यांनी हातातला टॅकोमीटर आणला होता, क्रँकच्या पुलीवर चमकीचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर लाइट मारला की आकडा येतो. आण्णा खुर्ची टाकून पुढच्या चाकापाशी बसले. ठरलं असं की गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे रेस न देता, गेज १च्या खाली आला तर मी त्याच क्षणी बंद करायचं.

चालू केली. गेज एका झटक्यात ४.५.

मग चाळीस मिनिटं. काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. इंजिन तापत होतं आणि गेज उतरत होता, ४, ३.५, ३, आणि मला माहीत होतं की उतरणारच आहे, तेल पातळ होतंय, पण प्रत्येक वेळी पोटात गोळा येत होता कारण डिसेंबरातल्या त्या मंगळवारी मेकॅनिकसमोर काटा असाच उतरला होता. २.५. २. टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी येऊन थांबला. १.८. १.५. पोरगा मोठ्याने आकडे वाचत होता, त्याला मी गप्प बस म्हणाले. १.४. आणि तिथे थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, १.४.

"रेस दे," आण्णा म्हणाले. टॅकोवर २००० आरपीएम धरले, गेज ३.२वर जाऊन स्थिर. सोडलं, परत १.४. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

गॅरेजवाल्यांचा जुना ठोकताळा असा की गरम इंजिनवर दर हजार आरपीएमला १० पीएसआय तरी पाहिजे. १ किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय, म्हणजे आमचे ३.२ किलो झाले ४५, आणि २०००ला पाहिजे २०. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा, ठोकताळा नंतर. पण ३० वर्षांच्या इंजिनला हे प्रेशर भरपूर होतं.

आण्णा खुर्चीतून उठले, नळीला हात लावून बघितला, गरम होती, हात काढला आणि जीपच्या मडगार्डवर ठेवला. भावाला फोन त्यांनी स्वतः लावला.

ह्यानंतर फक्त सेन्सर बदलायचा होता, पण त्यालाच दोन आठवडे गेले. ८ जानेवारीला दुकानातून ६५०चा सेन्सर आणला, दुकानदार म्हणाला सगळ्याला चालतो. बसवला तर थंड इंजिनवर काटा २.३. परत पोटात गोळा. पण आता हातात मेकॅनिकल गेज होता, तो लावून बघितला तर ४.५च. मग सेन्सरच्या षटकोनावरचे बारीक अक्षर भिंगातून वाचले, तो ० ते १० किलोचा होता आणि आमचा मीटर ० ते ५चा. दोन्ही १० ते १८० ओहमचेच, त्यामुळे काटा चालतो पण अर्धा दाखवतो. कल्पना करा, गेज नसता तर मी ६५,००० खर्चायला तयारच झाले असते. इलेक्ट्रिकल माल परत घेत नाहीत, ते ६५० गेले. सेन्सर घेताना तीन गोष्टी विचारा, आटा कुठला, ओहम किती ते किती, आणि रेंज किती किलो. सगळ्याला चालतो असा सेन्सर नसतो.

बरोबरचा सेन्सर ऑनलाइन मागवला, १४५०, तो १९ तारखेला आला. २०ला गॅरेजच्या पोराने बसवला आणि तेल गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची टेप चांगली पाच फेरे गुंडाळली. चावी चालू केली तर इंजिन बंद असताना काटा ५वर. एक वायरीच्या सेन्सरचा अर्थ आट्यांतूनच जातो, टेपने तोच तुटला होता. टेप काढली, आटे पुसले, काटा शून्यावर आला.

चाचांनी अजून एक सुधारणा सुचवली ती करून घेतली. २००८ला मीटर लावताना ऑइल प्रेशर नसलं की लागणाऱ्या लाल दिव्याचा स्विच काढून त्याच भोकात सेन्सर बसवला होता, म्हणजे इतकी वर्षं काटा एकटाच साक्षीदार. आता पितळेचा टी (तीन तोंडांचा जोड) लावून सेन्सर आणि दिव्याचा स्विच दोन्ही बसवले. पण टी थेट ब्लॉकवर नाही लावला, डिझेल इंजिनच्या थरथरीने एवढं वजन लोंबकळून पितळ आट्यापाशी चिरतं आणि मग सगळं तेल रस्त्यावर. ब्लॉकपासून प्रेशरचा छोटा होज काढून टी आतल्या बाजूला पत्र्यावर क्लॅम्पने बसवला आणि टी आता ब्लॉकला टेकत नाही म्हणून त्याला वेगळी अर्थची वायर दिली. होज, टी, स्विच मिळून ७८०. आता चावी फिरवली की लाल दिवा लागतो, इंजिन चालू झालं की दोनतीन सेकंदांत विझतो आणि काटा वर येतो. दोघं वेगवेगळं बोलायला लागले तर वायरमनकडे जायचं, दोघं एकच बोलले तर जागेवर बंद.

टोचनसकट सगळा खर्च ९२८० झाला. त्यातले ६५० वाचले असते.

आरसीचं काम २३ जानेवारीला सुरू केलं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो त्यामुळे थांबू नका, आम्ही गाडीच्या काळजीत दीड महिना घालवला. परिवहनच्या साइटवर फॉर्म २५ भरला, ५००० फी आणि पर्यावरण कर ऑनलाइन भरला, ६ फेब्रुवारी मंगळवारची तारीख मिळाली. शाळेतून रजा काढली. चालू विमा, पीयूसी, आरसी, आधार, पॅन, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप एवढं माझ्या फाइलमध्ये होतं. छाप घरीच घेऊन जा, आदल्या दिवशी चेसिसवरचा तो भाग रॉकेलने पुसून ठेवा, नंबर वाचता आला नाही तर परत पाठवतात. सकाळी १० ते दुपारी पावणेतीन रांगेत, तिथे सावली नाही, पाणी न्या. साहेबांनी नंबर ताडला, लाइट, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक बघितले, मागचा एक रिफ्लेक्टर फुटला होता तो गेटबाहेरून ६०ला आणून लावला. गाडी चालू करायला सांगितली तेव्हा लाल दिवा लागून विझला आणि शेजारी बसलेले आण्णा हळूच म्हणाले, "चार." नवीन आरसी २३ फेब्रुवारीला पोस्टाने आली, १३ फेब्रुवारी २०२९पर्यंत.

जुना सेन्सर मी कापून बघितला. आत डबीभर तेल साचलेलं, पडद्याला कडेने नखाएवढी चीर, आणि ज्या तारेच्या पट्टीवरून ती सरकती पट्टी फिरते तिथे १ ते २ किलोच्या जागी तार घासून काळी पडलेली. गरम इंजिनचं आयडलचं प्रेशर रोज जिथे असतं बरोबर तिथेच. तो पोराच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ठेवलाय.

गेज आणि अडॅप्टर घरी डब्यात आहे. जून महिन्यात गल्लीतल्या एकांच्या जुन्या गाडीला लावून झाला, त्यांचं मात्र खरंच ऑइल पंपाचं निघालं. कोल्हापुरात ओळखीपाळखीत कुणाला लागला तर घेऊन जा, फक्त अडॅप्टर १/८ बीएसपीचा आहे, आधी आपला आटा मोजून या.